नारळ धरलेला हात

शिरगावहून फोन आला तेव्हा मी पालघरच्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. शेजारच्या वाडीतल्या सुनेचा आवाज होता. "आत्या, जनूकाका उठत नाय," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. मी तशीच रिक्षा करून निघाले. दादा खाटेवर कुशीवर निजलेला होता, नेहमीसारखा, डावा हात उशीखाली घालून. हाताला ऊब लागते म्हणून जन्मभर तो तसाच झोपला. चेहऱ्यावर त्रास वगैरे काही नव्हता. मला उगीच वाटलं, हाक मारली तर "काय गं सुमे" म्हणेल...

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. चार ओळी आणि एक जुना फोटो. साठच्या दशकातले कसोटी फलंदाज जनार्दन राऊत यांचं शिरगावला राहत्या घरी निधन. फिरकीपुढे देखणे खेळायचे, पण वेगवान माऱ्यापुढे कचरायचे. कचरायचे! माणूस जाऊन दिवस उलटला नव्हता, घरात दिवा तेवत होता आणि हा शब्द छापून दारात आला. चूल असती तर तो पेपर मी चुलीत घातला असता. गॅसवर पेपर जाळता येत नाही, म्हणून चुरगळून केराच्या डब्यात टाकला. लिहिणाऱ्याचा तरी काय दोष म्हणा. दादा खेळायचा तेव्हा तो जन्मलाही नसेल. कुठल्यातरी जुन्या कात्रणावरून त्याने उचललं असणार, आणि त्या कात्रणवाल्याने त्याच्या आधीच्याकडून. असाच हा शब्द इतकी वर्षं आमच्या घराच्या पायरीवर ठाण मांडून बसलाय. आज त्याला उठवायचं म्हणून लिहायला बसले आहे. माझा भाऊ घाबरट नव्हता. त्याचं बोट मोडलेलं होतं.

आमचं शिरगाव समुद्राला टेकलेलं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला ओहोटीच्या वेळी वाळू इतकी घट्ट होते की बैलगाडी गेली तरी चाक रुतत नाही. तिथे पोरांचा खेळ चालायचा. झावळीच्या देठाची बॅट, सुरूच्या फांद्यांचे स्टंप आणि कुणीतरी पालघरहून आणलेला लाकडी चेंडू, जो एकदा भिजला की साबणासारखा सरसरत यायचा. स्टंपांच्या मागे खडक होते आणि खडकांवर चिकटलेली कालवं, सुरीसारख्या धारेचे शिंपले. बॅट करणारा एक पाऊल जरी मागे गेला तरी टाच चिरली जायची. एक-दोनदा रक्त निघालं की बहुतेक पोरं बॅटिंगचा नादच सोडून द्यायची. दादाने नाद सोडला नाही, मागे जाणं सोडलं. पुढे मोठमोठ्या जाणकारांनी त्याच्या पुढच्या पावलावर रकानेच्या रकाने लिहिले. आई ते माझ्याकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, "कालवांचं कोनीच कसं लिवत नाय गं?"

समोरून चेंडू टाकायचा हरी. हरेश्वर तांडेल, खाली किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या आळीतला, दादाच्याच वयाचा. आमची नारळ-पानवेलीची वाडी, त्यांची होडी. सकाळी ते आमच्याकडे बोंबील टाकून जायचे आणि आम्ही त्यांच्याकडे केळी. जाळी ओढून ओढून हरीचे हात गुडघ्यापर्यंत आल्यासारखे दिसायचे. तो पाण्यातून धावत यायचा, ओल्या पायांनी, आणि चेंडू सोडताना तोंडाने असा काही आवाज काढायचा की मला लांब उभी असून धडकी भरायची. लांब म्हणजे पाण्यात. चेंडू अडवायला मला गुडघाभर पाण्यात उभं करत. दादाला नऊवारीतल्या बायकांसारखी मी परकर खोचून पळते याचं भारी हसू यायचं. पण हरीचा चेंडू बॅटच्या मधोमध बसला की दोघं एकमेकांकडे बघून जे हसायचे, ते हसणं वेगळं असायचं. त्या हसण्यात मला जागा नव्हती, आणि त्याचा मला रागही यायचा. दादा मोठा झाल्यावर म्हणायचा, "मला बॅटिंग कुठल्या मास्तराने शिकवली नाय सुमे. हरीने शिकवली."

बाबा लवकर गेले. तरी आईने वाडीच्या जिवावर दादाला पालघरच्या शाळेत आणि मग मुंबईच्या कॉलेजात घातलं. तिथून पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे ज्यांना जुनं क्रिकेट ठाऊक आहे त्यांना. मैदानावरच्या क्लबांचे सामने, मग मुंबईचा संघ, मग देशाचा. पहिल्या कसोटीच्या वेळी गावात एकच रेडिओ होता, वाण्याच्या दुकानात. सगळं गाव दुकानासमोर. आईला खेळातलं ओ की ठो कळायचं नाही. ती वाडीला पाणी लावता लावता दुकानालगतच्या कुंपणाशी यायची आणि एकच विचारायची, "खेलतोय का आला भायेर?" खेळतोय म्हटलं की परत फिरायची. त्या दिवशी ती सारखी येत राहिली आणि दर वेळी मी खेळतोय असंच सांगत राहिले. संध्याकाळी शंभर झाल्याचं कळलं तेव्हा हरीने वाण्याच्या फळकुटावर चढून अशी आरोळी ठोकली की रेडिओवरचं पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. वाणी चिडला, "उतर रे, फळी मोडंल!" हरी म्हणाला, "मोडू दे. माज्या बॉलिंगवर शिकलाय तो!" त्यानंतरची तीन-चार वर्षं दादाची होती. वेगवान असोत, फिरकीवाले असोत, त्याचं पाऊल पुढेच पडायचं. तेव्हाच्या एकाही पेपरात तो कचरतो असं लिहिलेलं तुम्हाला सापडणार नाही. मुद्दाम शोधून बघा.

मग ती नारळी पौर्णिमा आली. परदेश दौऱ्यासाठी दादाची निवड नुकतीच झाली होती. कुठल्या देशाचा दौरा ते मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात काही संबंध नाही. सराव शिबिर सुरू व्हायच्या आधी दादा दोन दिवसांसाठी घरी आला. किती वर्षांनी त्याला हा सण गावात मिळाला होता! दर्याला नारळ वाहून झाला, गाणी झाली आणि किनाऱ्यावर नारळ लढवायला सुरुवात झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाने सोललेला नारळ हातात धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. हरी या खेळातला राजा. नखाने टिचकी मारून, कानाशी धरून तो असा काही नारळ निवडायचा की दिवसभर फुटायचा नाही. त्याने ओळीने सगळ्यांना हरवलं आणि मग कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "जनू नाय खेलनार. तो आता हात जपनार."

आईने मागून हाक मारली, "जना, नको रे." ही हाक मी ऐकली, म्हणजे त्यानेही ऐकली असणार. पण दादा हसत पुढे झाला आणि कुणाच्या तरी हातातला नारळ घेऊन हरीसमोर उभा राहिला. आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण सगळं याच्यावरच आहे. नारळ धरायची एक रीत असते. तो तळहातावर बसवायचा आणि बोटं खालीच ठेवायची, वाटीसारखी. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते शिकवावं लागत नाही. दादालाही ते येत होतंच. पण इतकी वर्षं त्या हाताने बॅटची मूठ धरली होती. हरीचा नारळ वर उचललेला त्याने पाहिला, कुणीतरी आपल्याकडे वेगाने काहीतरी आणतंय हे पाहिलं आणि डावा हात आपोआप मूठ आवळावी तसा आवळला गेला. बोटं कडेने वर आली. नारळ फुटला, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं, एकच गलका झाला. दादा हसत होता. ओला हात त्याने उपरण्यात गुंडाळला, उजव्या हाताने खोबऱ्याचा तुकडा काढून हरीच्या तोंडात भरवला, पाठीवर थाप मारली आणि "आलोच" म्हणून घरी आला.

घरी येऊन तो पडवीत खांबाला धरून खाली बसला. आईने उपरणं सोडलं. करंगळीच्या शेजारचं बोट मधल्या पेरात भलतीकडेच वळलं होतं.

पालघरच्या डॉक्टरकडे जायचं तर संध्याकाळपर्यंत बातमी मुंबईत पोचली असती आणि दौरा गेला असता. म्हणून पहाटे मिळेल त्या गाडीने आम्ही दोघं वाणगावला उतरलो आणि आत डोंगराकडच्या पाड्यावर एक हाड बसवणारा म्हातारा होता त्याच्याकडे गेलो. त्याने बोट ओढून बसवलं, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या पातळ काड्या बांधल्या आणि सांगितलं, "दिवाली होईस्तवर सोडायचा नाय." दादाने मान हलवली. शिबिराला पांढऱ्या हातमोज्यात काड्या घालून कसं जाणार? त्याने त्या आठवड्याभरातच सोडून टाकल्या. म्हाताऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं हो, आमच्याच माणसाने ते वाया घालवलं.

आणि जाण्याआधी दादाने आईला आणि मला देवघरासमोर उभं केलं. शितलादेवीची शपथ घातली. बोटाचं कुणाला सांगायचं नाही. आई म्हणाली, "अरे, दौऱ्याचं ठीक हाय, पन गावाला कशाला लपवायचं?" तो म्हणाला, "हरीला जगू देतील का लोकं? देशाच्या खेळाडूचा हात मोडला म्हनून पोरासोरांनी दगड मारले त्याला तर? नारळ चुकीचा मी धरला. नाव त्याचं कशाला?" तेव्हा मला भावाचा किती अभिमान वाटला होता! वीस-बावीस वर्षांची होते, मोठ्या मनाच्या गोष्टी फार आवडण्याचं ते वय. आज वाटतं, त्या देवघरासमोर मी जरा आरडाओरडा करायला हवा होता.

दौऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी वाचलं, माझ्याकडून नवीन काही नाही. त्याने मला पुढे कधीतरी एवढंच सांगितलं की पहिला वेगवान चेंडू बॅटच्या वरच्या अंगाला लागला आणि मुठीतून खांद्यापर्यंत कळ गेली ती डोळ्यांपुढे अंधारी आणून. वरच्या, म्हणजे डाव्या, हातात बॅट धरवेचना. मग चेंडू आखूड येतोय असं दिसलं की अंग आधीच बाजूला व्हायचं. डोकं सांगायचं उभा राहा, हात ऐकायचा नाही. ज्या पावलाला कालवांनी पुढे जायला शिकवलं होतं ते मागे जाऊ लागलं. कुणीतरी व्यंगचित्र काढलं: तिन्ही स्टंप उघडे आणि फलंदाज पंचांच्या मागे लपलेला. ते चित्र पानाच्या दुकानांत, सलूनमध्ये चिकटवलेलं होतं. पालघर स्टेशनबाहेरच्या सलूनमधलं मी स्वतः फाडलं.

त्या वेळी तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि एवढंसं बोयसर माणसांनी फुगलं होतं. खानदेश, कोल्हापूर, विदर्भ, कुठून कुठून लोक आलेले, स्टेशनबाहेर निम्मं हिंदीच ऐकू यायचं. हरीही होडी भावावर सोपवून तिकडेच कामाला लागला होता. अवजड सामान दोरांनी चढवायला त्यांना दर्यावरचीच माणसं लागत. मी बोयसरच्या शाळेत शिकवत होते. दादा दौऱ्याहून परतला, मुंबईत आणखी एक कसोटी खेळला, तिथेही तेच झालं आणि त्याला संघातून वगळलं. त्यानंतर आठवड्याभरात तो बोयसरला उतरला. मला म्हणाला, "चल, हरीला भेटू."

स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. हरी कामावरून आला, अंगभर सिमेंटची धूळ. दादाला बघून तो धावत येईल असं मला वाटलं होतं. तो आला, बाकावर बसला नाही, उभाच राहिला.

"जना," तो म्हणाला, "मुंबईला आल्तो मी. तुला सांगितलं नाय. तिकीट काडून बसल्तो. लोकं बोलत व्हती ते मी मानत नव्हतो. हितं एक मुकादम बोलला, तुम्हारा राऊत डर गया, तर त्याच्या कानफटात मारली मी. दोन दिवसांची हजेरी कापली माजी. पन आता माज्या डोल्यांनी बगितलं. तू मागं सरतोस. माज्या बॉलिंगला कदी हललास नाय, आनि त्यांना घाबरलास?"

दादा पँटच्या खिशात डावा हात घालून उभा होता. आजूबाजूचे चहा पिणारे बघायला लागले होते. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. आता तरी खिशातून हात काढेल आणि दाखवेल. दादाने हरीकडे बघितलं, मग रुळांकडे बघितलं आणि म्हणाला, "हां रे. घाबरलो."

हरीने चहा घेतला नाही. "ठीक हाय," म्हणाला आणि गेला. ज्याने बोट मोडलं त्यानेच येऊन चारचौघांत घाबरट म्हणावं! गाडीत मी तोंड उघडलं, "दादा, या हरीला काही लाज..." तर तो म्हणाला, "सुमे, शपथ हाय." आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्या दिवसापासून हरेश्वर तांडेल हा माणूस माझ्या लेखी मेला.

पुढची वर्षं लवकर सांगून टाकते, कारण ती तशीच गेली. दादा मुंबईकडून थोडी वर्षं खेळला, मग नोकरी, मग लग्न. वहिनी सोन्यासारखी मिळाली, पण क्रिकेटचा विषय घरात काढायचा नाही हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं. मूल झालं नाही. निवृत्तीनंतर दोघं शिरगावला आली, आणि वहिनी गेल्यावर तो एकटाच राहिला. हरी बोयसरलाच स्थायिक झालेला. शिरगाव आणि बोयसर, काय असं मोठं अंतर आहे? एसटीने सकाळी निघालेला माणूस जेवायला परत येतो. पण हा तिकडे गेला नाही आणि तो इकडे आला नाही. आई गेली तेव्हा हरी आला होता, सुरूच्या झाडांपाशी लांब उभा राहिला आणि परस्पर निघून गेला. दादाने त्याला पाहिलं. रात्री जेवताना म्हणाला, "हरी वाळलाय." मी ताट आपटलं. मी पुष्कळदा भांडले त्याच्याशी, सांगून टाक म्हणून. पेपरवाल्यांना नको, निदान नातेवाइकांत तरी. दर वेळी तो एकच बोलायचा, "चूक माजी हाय गं." जसं काही चूक कुणाची ते ठरलं की सगळं मिटलं.

आता दादाचं दिवसकार्य उरकून चार दिवस झाले होते. पाहुणे गेले होते, मी शिरगावचं घर झाडत होते. अंगणात काठीचा आवाज आला. बघते तर हरी. पाठ वाकलेली, हात मात्र तसेच लांब. एवढ्या वर्षांनी पायरी चढून वर आला आणि पडवीत टेकला. "उशीर झाला मला यायला," म्हणाला. मी पाणीही विचारलं नाही. आमच्या घरात वैऱ्यालाही पाणी विचारतात, पण मला ते सुचलंच नाही. तो दादाच्या फोटोकडे बघत म्हणाला, "एवडा खेलला असता जना... मनातली भीती खाऊन गेली त्याला. माजं ऐकलं असतं तर मी काडली असती ती भीती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. केरसुणी हातातच होती. "कसली भीती रे? कसली भीती? त्याचं बोट मोडलंस तू आणि वर साठ वर्षं त्यालाच घाबरट म्हणतोस?"

हरीने माझ्याकडे बघितलं. "कंचं बोट?"

मला आधी वाटलं सोंग करतोय. मग त्याचा चेहरा नीट बघितला. म्हातारपणी माणसाला सोंग जमत नाही... मी खाली बसले. त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ज्याच्या हातून झालं त्याला कळलं नसेल तर कुणाला कळेल! पण दादाने गावापासून लपवलं, पेपरांपासून लपवलं आणि सगळ्यांत आधी हरीपासूनच लपवलं होतं. मी शपथ मोडली. देवीने मला काय करायचं ते करावं. नारळी पौर्णिमेपासून सगळं सांगितलं, वाणगाव, काड्या, शिबिर. हरी ऐकत होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"तो तर हसत व्हता," तो म्हणाला. "खोबरं भरवलं त्यानं मला."

"उजव्या हाताने."

"हां..." मग त्याने काठी बाजूला ठेवली. "आनि बोयसरला? माज्यासमोर खिशात हात घालून उबा व्हता. मला वाटलं, मोटा झाला, माज करतोय. चहाच्या टपरीवर पन खिशातून हात काडत नाय..."

मला वाटलं होतं हरीला हे सहन होणार नाही. दादाला तर खात्रीच होती. एकदा म्हणाला होता, हरीचं नाव लोकांत गेलं तर तो होडीतून उडी घेईल. हरीने उडीबिडी काही घेतली नाही. तो रडला, पंच्याने तोंड पुसलं आणि मग त्याला राग आला, चांगला खणखणीत राग आला. "मला इचारलं का त्यानं? माजं वझं मी उचललं असतं. दगड मारले असते तर खाल्ले असते. दोन म्हैने मारले असते, मग बंद केले असते लोकांनी. साठ वर्सं तर नसते मारले!" मला तेव्हा हरीचा नाही, दादाचा राग आला. अजूनही येतो. इतका मोठा त्याग, आणि ज्याच्यासाठी केला त्याला तो नको होता. दादाने त्याला वाचवलं असं आम्ही समजत होतो. खरं तर त्याचा मित्र त्याने काढून घेतला होता, आणि स्वतःचाही.

मग हरी म्हणाला, बॅट हाय का त्याची? मी त्याला दादाच्या खोलीत नेलं. दारामागे ती बॅट उभी असते, दौऱ्यावरून आल्यानंतर तो जिने खेळला ती. मुंबईतल्या एका संस्थेने ती काचेच्या कपाटात ठेवायला मागितली आहे आणि मी हो म्हणूनही बसले होते. हरी खाटेच्या कडेवर बसला आणि त्याने मूठ हातात घेतली. मुठीवर एका जागी दादाने सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून उंचवटा केला होता. बोट वाकत नसे, त्याला टेकायला काहीतरी हवं म्हणून. मी ते हजारदा पुसलं असेन, कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. हरीची बोटं मुठीवरून फिरली आणि त्या उंचवट्यावर अडली. त्याने आपलं करंगळीशेजारचं बोट ताठ केलं, रबरावर टेकवलं आणि उरलेल्या बोटांनी मूठ धरून बघितली. धरवत नव्हती. पुन्हा धरली.

"असा खेलला?" तो म्हणाला. "ह्या बोटानं, त्या लोकांसमोर? सुमे, ह्यो घाबरला कदी मग?"

त्याने बॅट मांडीवर आडवी ठेवली.

"जल्मात एकच खोटं बोलला माज्याशी," हरी म्हणाला, "आनि मी तेवडंच खरं मानलं."

जाताना पायरीवर थांबून त्याने मला सांगितलं, पेपरात लिव. त्याचं नाव साफ कर. मी विचारलं, तुझं नाव नको ना घालायला? तर म्हणाला, "घाल. माजं नाव घालून लिव. त्यानं नाय घातलं म्हनून तर ह्ये झालं." म्हणून घातलं आहे.

संस्थेच्या लोकांना मी अजून थांबायला सांगितलंय. बॅट दादाच्या खोलीतच आहे. मागच्या आठवड्यात हरी पुन्हा आला, दुपारच्या एसटीने. चहा नको म्हणाला, सरळ खोलीत गेला. मी कामं आटपून डोकावले तेव्हा तो खाटेवर बसून होता, मूठ दोन्ही हातांत, एक बोट ताठ करून. माझी चाहूल लागली तरी त्याने वर बघितलं नाही. मी दार लोटून घेतलं.